जुन्या गाडीला नवं इंजिन : नववी-दहावीच्या विज्ञानाचे दोन तास



गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात ‘कार्य आणि ऊर्जा’ हे प्रकरण सुरू होतं. गतिज ऊर्जेचं सूत्र फळ्यावर लिहिलं आणि उदाहरणाला गाडी घेतली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आमच्या दादाने स्पोर्ट्स कार घेतलीय!” वर्ग हसला. रोह्याजवळच्या आमच्या गावात स्पोर्ट्स कार कुठून येणार? चौकशी केली तेव्हा कळलं, ती १९९२ सालची लाल रंगाची प्रीमियर ११८ एनई आहे. बऱ्याच दिवसांपासून कुणाच्या तरी पडवीत उभी होती. दादाने तिला रंग काढला, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे ओढले. इंजिन जाम झालेलं. “आता आम्ही तिला जिप्सीचं इंजिन टाकणार. दादा म्हणतो, मग ती पळेल बघ!”

हा दादा माझाच जुना विद्यार्थी. आयटीआय करून आता एका गॅरेजमध्ये काम करतो. मी मुलांना म्हटलं, पुस्तक मिटा. हे इंजिन त्या गाडीत बसेल का, बसलं तर काय होईल, ते आपण काढू.

ठरवलं होतं एक तास, गेले दोन. मधल्या सुट्टीतही मुलं फळ्याजवळून हलेनात. त्या दोन तासांत काय केलं आणि नंतर त्या गाडीचं काय झालं, ते इथे लिहिते आहे. आपल्या वर्गात गाडी नसेल तर ट्रॅक्टर असेल, होडी असेल. आकडे बदला, रीत तीच राहील.

आधी गाडीची ओळख

पद्मिनी बहुतेकांना माहीत असते, निदान काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने फियाटच्या परवान्यावर ती कुर्ल्याला बनवली. त्याच कंपनीने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. तिची बॉडी इटलीच्या फियाट १२४ ची, म्हणजे १९६६ सालची. इंजिन मात्र जपानच्या निसानचं, ए-१२ नावाचं. नावातल्या ‘एनई’चा अर्थच निसान इंजिन. आता गंमत बघा, आपला दादा जे गॅरेजमध्ये करू पाहत होता, तेच त्या कंपनीने कारखान्यात केलं होतं : जुन्या बांध्याच्या गाडीत दुसऱ्याचं, त्याहून सुधारलेलं इंजिन. फरक इतकाच की कंपनीकडे इंजिनियर होते, चाचण्या होत्या आणि सरकारी मंजुरी होती. हा ‘इतकाच’ किती मोठा आहे ते पुढे येईल.

फियाट १२४ ला स्पायडर नावाची एक उघडी स्पोर्ट्स भावंड होती. त्या नात्याने दादाची गाडी स्पोर्ट्स कारची चुलत बहीण ठरते. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची कॉलर ताठ झाली.

पहिला हिशोब : वृत्तचितीचं घनफळ

दहावीच्या महत्त्वमापनात वृत्तचिती येते. इंजिनाचा सिलिंडर म्हणजे सरळसरळ वृत्तचिती. व्यासाला गॅरेजमध्ये ‘बोअर’ म्हणतात आणि पिस्टन वर-खाली जितका सरकतो त्या अंतराला ‘स्ट्रोक’. मी फळ्यावर तीन इंजिनांची मापं लिहिली.

पद्मिनी : व्यास ६.८ सेंमी, स्ट्रोक ७.५ सेंमी.
११८ एनई : व्यास ७.३ सेंमी, स्ट्रोक ७ सेंमी.
जिप्सी : व्यास ७.४ सेंमी, स्ट्रोक ७.५५ सेंमी.

तिन्हींना चार-चार सिलिंडर. पायची किंमत ३.१४ घ्या, त्रिज्येचा वर्ग करा, स्ट्रोकने गुणा, मग चारने. मुलांनी उत्तरं काढली : १०८९, ११७१ आणि १२९८ घनसेंमी. मग मी जुन्या जाहिरातींतले आकडे दाखवले, १०८९ सीसी, ११७१ सीसी, १२९८ सीसी. वर्गात एकदम कालवा झाला. ‘सीसी’ म्हणजे क्युबिक सेंटिमीटर हे मुलांना पाठ होतं, पण तो आकडा आपणच काढू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा हे उदाहरण घेण्यासारखं आहे. पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा मुलं यात जास्त रमतात.

लगेच एका मुलीने शंका काढली. जिप्सीचं इंजिन ११७१ वरून १२९८ म्हणजे साधारण ११ टक्के मोठं. पण ताकद? ११८ एनईची सुमारे ५२ अश्वशक्ती, नंतरच्या एमपीएफआय जिप्सीची ८०. ही वाढ ५४ टक्के होते. ११ टक्के मोठ्या भांड्यातून ५४ टक्के जास्त ताकद कशी?

प्रश्न अगदी नेमका होता. इंजिन म्हणजे श्वास घेणारं यंत्र. एका फेऱ्यात किती हवा आत जाते, ती किती झटपट आत-बाहेर होते आणि मिनिटाला असे किती फेरे होतात, यावर ताकद ठरते. निसानच्या त्या इंजिनात दर सिलिंडरला दोन झडपा, त्याही खालून दांड्यांनी ढकललेल्या. जिप्सीच्या नंतरच्या इंजिनात दर सिलिंडरला चार झडपा, वर बसवलेला कॅमशाफ्ट आणि कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचा हिशोबशीर फवारा. मुलांना सांगितलं, नाक चिमटीत धरून पळून बघा आणि मग सोडून पळा. दोघांनी तर तिथेच पळून दाखवलं.

रोह्याचं स्टेशन आणि गाडीचं बॉनेट

कोकण रेल्वे आमच्या रोह्यापासून सुरू होते. मुलांनी स्टेशनवर इंजिन बदलताना पाहिलेलं असतं. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं. ज्या डब्यांपुढे डिझेल इंजिन असायचं त्यांच्यापुढे विजेचं आलं. डबे बदलायला लागले नाहीत. कपलिंग सोडलं, दुसरं जोडलं, ब्रेकचे पाईप लावले, झालं. म्हणून एकाने विचारलं, “मग बाई, गाडीचं का नाही होत असं?”

कारण रेल्वेचं इंजिन स्वतःच्या चाकांवर उभं असतं. स्वतःचं वजन स्वतः पेलतं, स्वतःला स्वतः थंड ठेवतं. मोटारीचं इंजिन दुसऱ्याच्या घरात राहतं. वजन त्या घराच्या चौकटीवर, उष्णता त्याच्या रेडिएटरवर, ताकद त्याच्या गियरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या धुरीवर. आणि त्याने दिलेला वेग थांबवायचा त्या घराच्या ब्रेकने. भाडेकरू बदलला की घराचं सगळंच तपासावं लागतं.

यावर आमच्या वर्गातली एक मुलगी जे बोलली ते मला सुचलं नसतं. तिच्या मामांचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. ती म्हणाली, “बाई, मूर्ती एक फूट वाढवली की मामा पाट आधी बदलतो. नाहीतर उचलताना खालून तडा जातो.”

तेव्हा मी त्यांना कोब्राची गोष्ट सांगितली. ती इथेही सांगते, कारण जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं इंजिन टाकण्याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तेच.

कोंबड्या पाळणारा कॅरल शेल्बी

इंग्लंडमध्ये एसी नावाची एक छोटी कंपनी होती. १९५३ मध्ये तिने ‘एस’ नावाची दोन माणसांची सुंदर उघडी स्पोर्ट्स कार आणली. बांधा नवा, पण इंजिन कंपनीचं जुनंच, ज्याचं मूळ डिझाईन १९१९ चं! पुढे ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं इंजिन बसवलं, तेही मुळात महायुद्धाआधीच्या बीएमडब्ल्यूवरून घेतलेलं. १९६१ मध्ये ब्रिस्टलने इंजिन बनवणं थांबवलं आणि एसीपुढे प्रश्न उभा राहिला.

इकडे अमेरिकेत टेक्सासचा कॅरल शेल्बी. एकेकाळी त्याने कोंबड्या पाळल्या, रोग आला, धंदा बुडाला. मग शर्यतीत उतरला आणि १९५९ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रॉय साल्वाडोरीच्या जोडीने जिंकला. पुढच्याच वर्षी हृदयाच्या दुखण्याने त्याला शर्यत सोडावी लागली. त्याने एसीला पत्र लिहिलं : तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवू या का? फोर्डने तेव्हा नुकतंच पातळ भिंतीच्या ओतकामाचं नवं व्ही-८ काढलं होतं, आकाराने मोठं तरी वजनाने बेताचं. १९६२ च्या सुरुवातीला पहिली गाडी इंजिनाशिवाय अमेरिकेत पोचली आणि काही तासांत त्यात ४.२ लिटरचं इंजिन बसवलंसुद्धा. हीच कोब्रा.

गोष्ट इथपर्यंत सांगितली की मुलं टाळ्या वाजवतात. गोष्टीचा खरा धडा पुढे आहे. इंजिन काही तासांत बसलं, कारण एसीने त्याआधीच गाडीत बदल करून ठेवले होते. व्ही-८ रुंद, म्हणून स्टिअरिंगचा बॉक्स बाहेरच्या बाजूला सरकवला. ताकद जास्त, म्हणून मागचा डिफरन्शियल बदलून दणकट घेतला. पुढे आणखी मोठं, सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा १९६५ पर्यंत सांगाडाच नव्याने केला : तीन इंची नळ्यांच्या जागी चार इंची, आडव्या पट्ट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग. मामांचा पाट!

आता ब्रेकचं बोलू

दादाला गाडी ‘पळवायची’ होती. मी मुलांना विचारलं, पळवणं राहू दे, थांबवायची कशी? माणसं धरून गाडीचं वस्तुमान ११०० किलो समजू. नागोठण्याहून रोह्याला येताना भिसे खिंड लागते. उतारावर ती ताशी ६० किमीने चालली आहे. ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. गतिज ऊर्जा = अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे १ लाख ५३ हजार ज्यूल. आता नव्या इंजिनाच्या भरात तीच गाडी ८० वर गेली. सेकंदाला २२.२ मीटर. ऊर्जा सुमारे २ लाख ७२ हजार ज्यूल.

वेग वाढला एक तृतीयांश. ब्रेकला उष्णतेत बदलायची ऊर्जा वाढली जवळजवळ पावणेदोन पट. त्यात उतार, म्हणजे स्थितिज ऊर्जाही वर. पावसाळ्यात रस्ता ओला. ब्रेक मात्र ५२ अश्वशक्तीच्या गाडीसाठी बनवलेले, वर तीस वर्षं जुने.

इथे वर्ग शांत झाला. ज्याच्या दादाची गाडी तो मुलगा तर फारच. मला थोडं वाईट वाटलं. पण हे आकडे त्याला खिंडीत कळण्यापेक्षा वर्गात कळलेले बरे.

मागच्या धुरीचा हिशोब पटकन उरकला. जुन्या इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, ८० न्यूटन-मीटर धरू, जिप्सीचा १०३. पहिल्या गियरचं गुणोत्तर साडेतीन आणि डिफरन्शियलचं चार समजलं तर इंजिनाचा पीळ चौदा पट होऊन चाकाच्या दांड्यांपर्यंत पोचतो : ११२० विरुद्ध १४४२. क्लच झटक्यात सोडला की हा जादा पीळ तीस वर्षांच्या दांड्यांवर येणार.

रेडिएटरचंही तसंच. ढोबळमानाने पेट्रोलच्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि एक तृतीयांश पाणी गरम करतो. ८० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६० किलोवॉट. पूर्ण जोरावर असताना जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरने बाहेर टाकायची. जुन्याला ३९ किलोवॉटची सवय. दहावीला उष्णतेचं प्रकरण शिकवताना हे वापरून बघा.

माझी चूक

वजनाचा भाग मी असा शिकवला होता : नवं इंजिन जड, म्हणून पुढची स्प्रिंग दबणार. त्यासाठी पट्टी, पेन्सिल आणि नाणी घेऊन तरफेची कृतीही करून घेतली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा सांगत आला, “बाई, दादा म्हणाला तुमचं चुकलं. जिप्सीच्या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. आमच्या जुन्याचा बिडाचा. नवं हलकं आहे.”

बरोबर होतं त्याचं. ‘नवं, ताकदवान, म्हणजे जड’ हे मी न तपासता गृहीत धरलं होतं. वर्गासमोर फळ्यावर दुरुस्त केलं. मुलांना माझी चूक निघाल्याचा आनंद फार झाला. आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर दोन दिवस त्यांनी माझं प्रत्येक वाक्य तपासलं.

तरफेची कृती मात्र फुकट गेली नाही. उदाहरण बदललं. आपल्याकडे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याचा एक काळ होता. खुद्द प्रीमियरने पद्मिनीची डिझेल आवृत्ती काढली होती. डिझेल इंजिन जड. समजा ते ३० किलो जास्त आहे आणि त्याचा भार पुढच्या धुरीच्याही २० सेंमी पुढे पडतो. दोन धुरींमधलं अंतर २४० सेंमी. मागच्या धुरीभोवती आघूर्ण घ्या : ३० × २६० = ७८००. भागिले २४०. पुढच्या धुरीवर भार वाढला साडेबत्तीस किलो! गाडीत घातले तीसच, मग वरचे अडीच आले कुठून? मागच्या धुरीवरून उचलले गेले. मागची चाकं तेवढी हलकी झाली, आणि ओल्या रस्त्यावर मागची पकड तेवढी कमी. ‘साडेबत्तीस कसे?’ यावर मुलांना भांडू द्या, लगेच उत्तर देऊ नका.

शनिवारी दादा घरी आला

वर्गातली चर्चा घरी पोचलीच होती. शनिवारी दुपारी दादा आणि त्याची आई माझ्याकडे आले. तो जरा रागात होता. “बाई, तुम्ही पोरांसमोर माझ्या गाडीचं पोस्टमॉर्टेम केलंत.” मी म्हटलं, “अरे, तुझ्या गाडीमुळे निम्म्या वर्गाला गतिज ऊर्जा कळली.” मग चहा झाला आणि खरं काय ते निघालं. मुंबईतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्याने जिप्सीच्या इंजिनासाठी पाच हजार इसार दिला होता. बाकीच्या चाळीस हजारांसाठी आई बचत गटातून कर्ज उचलणार होती. अर्जावर सही तेवढी बाकी होती.

तांत्रिक बाजूने तो माझ्याहून कितीतरी पुढे होता, हे कबूल करते. गियरबॉक्स जिप्सीचाच घ्यायचा, तिचा ट्रान्सफर केस वेगळा असल्यामुळे तो वगळून प्रोपेलर शाफ्ट थेट जोडता येतो, शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यायचा, इंजेक्शनला जास्त दाबाचा पेट्रोल पंप लागतो, वायरिंग आणि ईसीएम त्याच गाडीचं हवं, हे सगळं त्याने वहीत चित्रांसकट मांडलं होतं. शाळेत असताना त्याची वही कधी इतकी नीट नव्हती.

मी विचारलं, “आणि आरसी बुक?”

इथे पालकांनी नीट वाचावं, कारण गाड्यांत रमणारी मुलं घरोघर आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीमधल्या नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. इंजिन खराब झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या क्षमतेचं इंजिन त्यात बसत नाही. सीएनजीसारख्या इंधनबदलासाठी वेगळी, ठरवून दिलेली वाट आहे. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडाची भीती मी त्याला घातली नाही. विम्याचं सांगितलं. आरसीवर ११७१ सीसी निसान आणि बॉनेटखाली १२९८ सीसी जिप्सी असेल, आणि उद्या खिंडीत कुणाला धक्का लागला, तर विमा कंपनी बोट ठेवणार ते तिथेच. समोरच्या माणसाची भरपाई शेवटी कुणाच्या खिशातून जाईल? त्याची आई तोवर काही बोलली नव्हती. ती म्हणाली, “म्हणजे कर्ज फेडायचं मी, आणि वर हेही?”

“पण बाई, सगळेच करतात,” तो म्हणाला. करतात, खरं आहे. मला स्वतःला विचाराल तर हा नियम जरा जास्तच आखडता आहे. काही देशांत अशा गाडीची तज्ज्ञांकडून तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडेही हुशार मुलांना अशी वाट असायला हवी होती, असं मला वाटतं. पण आज ती नाही, आणि आज त्याच्या आईचे चाळीस हजार पणाला लागले होते.

मग काय केलं

त्याची गाडी एमएच ०६, म्हणजे कार्यालय पेणला. रोह्याहून चाळीसेक किलोमीटर. सोमवारी रजा टाकून तो जाऊन आला आणि इंजिन बदलण्याआधी काय काय लागतं ते विचारून आला. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा इंजिन आणि चासीचा नंबर पाहतातच. म्हणजे लपवूनही फार दिवस लपलं नसतं. जिप्सीच्या इंजिनाचा इसार परत मिळाला नाही. ते पाच हजार गेले. त्याची हळहळ त्याला अजून आहे.

दोनेक महिने शोधल्यावर त्याला दुसरी ११८ एनई सापडली, नव्वदच्या दशकाच्या अखेरची, म्हणजे त्याच्या गाडीपेक्षा सहा-सात वर्षांनी नवी. बॉडी गंजून गेलेली, इंजिन मात्र जिवंत. तेच ए-१२. या वेळी त्याने उडी मारली नाही. मूळ मालकाकडून आरसीची प्रत आणि विक्रीची पावती घेतली, इंजिनावर ठोकलेला नंबर कागदाशी ताडून पाहिला. जुनं इंजिन घेताना ही गोष्ट सगळ्यात आधी पाहायची. नंबर घासलेला असेल तर स्वस्त असलं तरी उठून यायचं, ते चोरीचं असू शकतं. मग ऑईलचं झाकण उघडून आत पांढरट साय धरली आहे का पाहिलं (ती असली तर ऑईलमध्ये पाणी शिरतंय). चालू करून निळा धूर येतो का पाहिलं (येत असेल तर इंजिन ऑईल जाळतंय). शेवटी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं आणि धाकट्या भावाच्या हाती आकडे माझ्याकडे पाठवले : १४५, १५०, १४०, १५० पीएसआय.

त्या आकड्यांवर आम्ही वर्गात शेकडेवारी केली. सगळ्यात कमी १४०, सगळ्यात जास्त १५०. फरक साधारण पावणेसात टक्के. मिस्त्री लोक दहा टक्क्यांच्या आतला फरक ठीक समजतात. वर्गाने एकमताने इंजिन ‘पास’ केलं. मुलांनी निकालपत्रकासारखं पत्रक करून त्यावर शेरा लिहिला, ‘प्रगती समाधानकारक’, आणि ते दादाला पाठवलं. त्याने ते गॅरेजच्या भिंतीला लावलंय.

एकूण खर्च अठरा हजारांत बसला. बचत गटातून काढावे लागले दहा हजार. परवानगीचा अर्ज आधी, इंजिन नंतर. बसवताना नवा भाग करावा लागला नाही, जुनेच माउंटिंग, जुनाच गियरबॉक्स. वाचलेल्या पैशातून त्याने ब्रेकचे सगळे पाईप, पॅड आणि मास्टर सिलिंडर बदलून घेतला. हे मी सांगितलं नव्हतं. धाकट्याने घरी ज्यूलचा हिशोब दाखवला होता म्हणे.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या गाडीतून नागोठण्यापर्यंत जाऊन आले. खिंड चढताना तिची दमछाक होते, मागचे टेम्पो हॉर्न देतात. दादा म्हणाला, “बाई, ८० असते ना, तर बघितलं असतं तुम्ही.” अजून त्याच्या डोक्यातून ते गेलेलं नाही. ताप दाखवणारा काटा मात्र अर्ध्यावरच राहिला, मी सगळ्या वाटेत त्याच्याकडेच बघत होते. उतारावर त्याने तिसऱ्या गियरमध्ये उतरवली. ब्रेकवरचा भार इंजिनाकडे कसा जातो, हा आणखी एक तास होऊ शकतो.

वर्गात घेताना दोन सूचना. सगळे हिशोब एकाच दिवशी घेऊ नका, घनफळ आणि गतिज ऊर्जा एवढं एका तासाला पुरे. आणि जमलं तर गावातल्या मिस्त्रींना वर्गात बोलवा. आमच्याकडे दादा आला होता, उघडलेला कार्बोरेटर घेऊन. बाकावर सगळं पेट्रोल सांडलं, खिडक्या उघड्या ठेवून पुढचा मराठीचा तास आम्ही मैदानात घेतला.

सुट्टीनंतर धाकट्याने पुढचा प्रश्न आणला : “बाई, इंजिनच काढून विजेची मोटर टाकली तर? ती चालते ना कायद्याने?” मंजूर झालेलं किट असेल आणि आरसीवर नोंद केली तर चालते. पण बॅटरीचं वजन किती, ते दोन धुरींवर कसं वाटायचं आणि एका चार्जमध्ये रोहा ते पेण जाऊन परत येता येईल का, हे त्यालाच काढायला सांगितलं आहे. येत्या शुक्रवारी तो फळ्यावर मांडणार आहे. तुमच्या वर्गातली मुलं हाच हिशोब करणार असतील तर त्यांची उत्तरं जरूर कळवा, आम्ही ताडून बघू.